भाषा सौम्य करावी

केशोरीजवळच्या तलावातले मासे का संपले, याचा भूमेश्वरीने तीन वर्षं अभ्यास केला आणि जिल्ह्याच्या कार्यालयात अहवाल पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'तलावात सगळीकडे बेशरम माजली आहे. ती मुळासकट उपटल्याशिवाय मासे परत येणार नाहीत.'

तिथल्या साहेबांनी अहवाल परत पाठवला. शेरा होता, 'भाषा सौम्य करावी.'

बेशरम हे एका झुडपाचं नाव आहे, एवढंच सांगायला ती तीनदा कार्यालयात गेली. साहेब भेटले नाहीत. शेवटी तिने बेशरम खोडून झुडपाचं लॅटिन नाव टाकलं. पंधरा दिवसांत तलावाच्या पाळीवर बोर्ड लागला : 'दुर्मिळ वनस्पती. तोडण्यास सक्त मनाई.'

भूमेश्वरीने घरी जायला बॅग भरली. तेवढ्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर मोहल्ल्यातली सुखवंताबाई अकरा बायका घेऊन कुदळीसकट बोर्डाखालून तलावात उतरली.

"मावशी, बोर्ड आहे ना."

"आमाले कोठी वाचता येते, बाई?"

पुढच्या वर्षी साहेब दुर्मिळ वनस्पतीचा फोटो काढायला आले. तलाव मोकळा होता. सुखवंताबाईच्या जाळ्यात परत आलेले दाडक मासे फडफडत होते आणि भूमेश्वरी ते मोजत होती.

"इथली वनस्पती कुठं गेली?" साहेबांनी दरडावलं.

"बेशरम होय ते, सायेब," सुखवंताबाई त्यांच्याकडेच बघत म्हणाली. "मुयासकट उपटली, तरी अधूनमधून येऊनच राह्यते."

भूमेश्वरीने ते वहीत लिहून घेतलं. भाषा सौम्य केली नाही.