कचरा टाकून येते

"काहीतरी मेलंय या घरात," आजी म्हणाली आणि तिनं खिडकी सताड उघडली.

आई दारातच थबकली. अंगात विटका गाऊन, पायांत सपाता, हातात कचऱ्याची काळी पिशवी. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ता खाली जाऊन लगेच वर येणार. पिशवीत मात्र घडी घातलेला पांढरा शर्ट, काळी पँट आणि वर अलगद ठेवलेला कोट होता. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे कपडे बदलायचे, त्यांनी इस्त्रीचा एक हात फिरवून द्यायचा, की आई वकिलांच्या ऑफिसात जायला मोकळी.

हा सगळा खटाटोप भिंगरीसाठी. पाच वर्षांची ही लेक एका जागी ठरेल तर शपथ. आईच्या अंगावर शर्ट दिसला की ती असं भोकाड पसरायची की जिन्यात शेजारी जमायचे. युक्ती सासूबाईंची, म्हणजे भिंगरीच्या आजीची. "उगाच पोरीला रडवून कशाला जातेस? कचरा टाकून येते म्हण आणि सटक." महिनाभर आई रोज लेकीच्या हातावर तुरी देऊन निघत होती. नोकरी वकिलांकडे, आणि खोटं बोलायची वेळ यायची ती घरात! रडणं थांबलं, आजी खूश झाली. आईही स्वतःला खूशच समजत होती, पण दार मात्र रोज चोरासारखं हळूच ओढून घ्यायची.

"स्वयंपाकघरात तर काही नाही," आजी म्हणाली. "कचऱ्याचा डबा रिकामा. हल्ली भरतच नाही मेला."

वास भिंगरीच्या खोलीतून येत होता. आईनं पिशवी दाराशी टेकवली आणि ती आत गेली. भिंगरी खेळण्यांच्या खोक्याला पाठ लावून, पाय पसरून बसली होती.

"बाजूला हो."

"नाही."

"भिंगरे, मला उशीर होतोय."

"कशाला? कचराच तर टाकायचाय."

चोराच्या मनात चांदणं. आईनं लेकीला उचलून बाजूला ठेवलं आणि खोकं उघडलं.

आत बाहुली झोपवलेली होती आणि तिच्या भोवती केळ्याची काळी पडलेली सालं, अंड्यांची टरफलं, चुरगाळलेले कागद, सफरचंदाचे सडके गाभे. या सगळ्यावर बाहुलीची चादर नीट खोचून बसवली होती.

"शी! हे काय करून ठेवलंयस? कचरा कुणी खोक्यात ठेवतं? एवढी मोठी झालीस, काडीची अक्कल नाही!" झालेला उशीर, नाकात शिरलेला वास, सगळ्याचा राग त्या एवढ्याशा जिवावर निघाला.

भिंगरी रडली नाही. तिनं खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी धरलं. "मी डब्यातनं काढून ठेवते. दुपारी आजी झोपली की."

"पण का?"

"डबा भरला की तुला जावं लागतं ना." बोलता बोलता तिचा खालचा ओठ बाहेर आला. "आणि कचरा टाकायला गेलीस की तू येतच नाहीस."

आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. आजीही दारात येऊन उभी राहिली.

मग आई उठली. दाराशी ठेवलेली काळी पिशवी आणून तिनं भिंगरीसमोर उपडी केली.

भिंगरीनं शर्टाला बोट लावून पाहिलं. "हा ऑफिसचा आहे."

"हो. मी रोज ऑफिसलाच जाते, बाळा. कचऱ्याचं तुला खोटं सांगत होते."

"अगं, आता घर डोक्यावर घेईल ती," आजी कुजबुजली.

"घेऊ द्या."

आईनं गाऊन तिथेच काढला आणि शर्ट-पँट चढवली. घड्यांच्या रेघा उमटल्या होत्या, तशाच राहू दिल्या. एकेक बटण लागत गेलं तसे भिंगरीचे डोळे भरत गेले आणि कोट अंगात जाताच तिनं जे भोकाड पसरलं ते सगळ्या जिन्यानं ऐकलं असेल. आईनं तिला पोटाशी धरलं. शर्टाला नाक पुसलं गेलं, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. मग दोघींनी मिळून खोक्यातला कचरा रिकाम्या काळ्या पिशवीत भरला, एकीनं हुंदके देत, दुसरीनं ते गिळत.

"चल. आज तूच टाक."

रस्त्याच्या कडेला मोठा हिरवा डबा होता. आईनं लेकीला उचलून धरलं, भिंगरीनं पिशवी आत सोडली. धप्पकन आवाज झाला.

"झालं?"

"झालं."

भिंगरी डब्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच," आई म्हणाली. "वेळ ऑफिसला लागतो. रस्त्यावरचे दिवे लागले की मी येते."

मागोमाग खाली आलेल्या आजीच्या हातात तिनं लेकीचा हात दिला आणि ती निघाली. महिनाभरानं तिला पाठीमागे ते रडणं पुन्हा ऐकू येत होतं. तरी ती चालत राहिली. कोपऱ्यावर मात्र तिनं वळून पाहिलं. भिंगरी तोंड वासून रडत होती आणि मोकळा हात जोरजोरात हलवत होती.

"आई," ती हुंदक्यातूनच ओरडली, "उद्यापण शर्टच घालून जा!"