आई, हळू

म्हातारीनं ताटात चमचा ठेवला, तोसुद्धा बोटाचा आधार देऊन. तरी किणकिण झालीच. सुनेनं डोळे वटारले.

"आई, हळू!"

म्हातारीनं जीभ चावली. एके काळी तिनं घरात हाक मारली की खालच्या मजल्यावरची माणसं ओ द्यायची. आता चार महिने ती स्वतःच्याच घरात मांजरीच्या पावलांनी फिरत होती.

पाइप टाकायच्या चरात मुलाच्या अंगावर मातीची कड ढासळली, तेव्हापासूनची ही कथा. पाच तासांनी त्याला वर काढलं. सोबत गाडल्या गेलेल्या कामावरच्या जोडीदाराचं प्रेतच वर आलं. मुलगा हातीपायी धड परतला, पण झोप गेली, अन्नावरची वासना गेली, बसल्या जागी घाम फुटायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा भित्रेपणा नाही. मनाला झालेली जखम आहे. भरते, पण वेळ लागतो. घरी कशाचा त्रास होतो ते त्यालाच विचारा."

"विचारायचं काय त्यात?" दवाखान्याची पायरी उतरतानाच म्हातारीनं निकाल देऊन टाकला. "एवढा डोंगर अंगावर कोसळलेला. आवाजाला घाबरतंय लेकरू."

झालं. दारावरची घंटा निघाली. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढले. कुकर माळ्यावर गेला. शेजारीण चिडवायची, "काय हो, घर विकलंत की काय? चाहूल नाही कुणाची!" म्हातारीकडे तिच्यासाठी तीन उत्तरं तयार असायची. तिन्ही ती गिळायची.

आणि मुलगा मात्र बिघडतच चालला. चार घास खाल्ले की उठून चौकात जाऊन बसायचा. सुनेला वाटायचं, याला आपण नकोसे झालो.

आज तर तो पिशवी भरूनच बाहेर आला.

"चौकात, गॅरेजच्या वर खोली मिळालीय. थोडे दिवस तिकडे राहतो."

म्हातारीचा बांध फुटला.

"राहतो? कुणाला विचारून राहतो? चार महिने तोंड शिवून बसलेय मी! मी! तुझ्या बापाला उभ्या जन्मात एक वाक्य पुरं करू दिलं नाही, ती बाई तुझ्यापायी शिंकसुद्धा गिळते, आणि तू मला पिशवी दाखवतोस?"

"आई, हळू हो!" सून मध्ये पडली.

"चुलीत गेलं तुझं हळू!"

मग ती थांबेच ना. त्याच्या वाढलेल्या दाढीवर घसरली, पिशवीत कोंबलेल्या शर्टांवर आली, तिथून सुनेच्या मिळमिळीत चहावर. मध्येच पातेलं आपटलं. खिडकीत शेजारीण दिसली, तिलाही चार महिन्यांची तिन्ही उत्तरं एकदम मिळाली.

मुलगा पळाला नाही. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. वर चढलेले खांदे उतरले. डोळे जड झाले.

म्हातारीला धाप लागली. आपण काय करून बसलो हे तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

मुलानं दचकून डोळे उघडले. कपाळावर घाम डवरला होता. त्यानं तिचा हात तोंडावरून ओढून काढला.

"थांबू नकोस."

"अरे, पण तुला आवाजाचा त्रास..."

"मातीखाली जोडीदार बोलत होता, आई. दिसत नव्हता. मुकादमाला शिव्या घालत होता, माझ्या डब्यातल्या भाजीची टिंगल करत होता. तोवर मला भीती नव्हती. बोलता बोलता तो गप्प झाला." तो आईकडे बघत राहिला. "तेव्हापासून कुणी गप्प बसलं, की मला वाटतं, हेही माणूस गेलं."