कोर्टाची चिठ्ठी असलेलीच मुलं

कोल्बीने गुन्हा कबूल करायला श्वासभराचाही वेळ घेतला नाही, आणि तिथेच व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली.

"लॉन्ड्रीची काच मीच फोडली," तो म्हणाला. "दगड मारून."

व्हर्ना स्टिडम ही बालन्यायालयाची प्रोबेशन ऑफिसर. केंटकीच्या त्या डोंगराळ काउंटीत तिची निम्मी नोकरी 'मी नाही केलं' हेच ऐकण्यात गेली होती. तेरा वर्षांचं पोर विचारायच्या आधीच हो म्हणतं, हे तिला पचेना. शिवाय लॉन्ड्रीत दगड सापडलाच नव्हता. काच फुटली होती ती अगदी खालच्या कोपऱ्यातून, काहीतरी लांबट हातात धरून हाणल्यासारखी.

आणि पोराचं नाव घेतलं होतं कोणी? त्याच्या सख्ख्या आजीने. ऑटी कोम्ब्स दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, आवाज कधी न चढवणारी बाई. ती सकाळी आपल्या पायांनी शेरीफच्या कचेरीत गेली, नातवाचं नाव सांगितलं, आणि येताना लॉन्ड्रीवालीला काचेचे पैसे देऊन वर घरी भाजलेला ॲपल पायही ठेवून आली.

व्हर्नाचा संशय दोघांवर होता. पहिला ट्रॅव्हिस, कोल्बीचा मामेभाऊ. हा संध्याकाळी पोराला आपल्या ट्रकमध्ये घालून न्यायचा, नशेच्या गोळ्या विकायचा आणि याला राखणीला बसवायचा. ट्रकमध्ये सीटमागे बेसबॉलची बॅट असायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसरा हॉलिस गेहार्ट. जुन्या बस-गॅरेजात मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवणारा. तिथे गरम जेवण मिळे, इंजिनं दुरुस्त करायला शिकवत आणि रात्री घरपोच सोडत. पैसा सरकारचा, मुलं गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून दिलेला.

व्हर्ना त्याच्याकडे गेली तेव्हा तो घेवड्याच्या पातेल्यात डाव फिरवत होता.

"जून संपेपर्यंत तुझ्या खुर्च्या भरल्या नाहीत तर पैसा शेजारच्या काउंटीत जातो," ती म्हणाली. "आणि जून लागताच नेमकी काच फुटते."

"म्हणजे आता मी काचा फोडत फिरतो म्हण की."

"तू कशाला फिरशील? फोडून घेत असशील."

हॉलिसने डाव खाली ठेवला. त्याचं म्हणणं, मुलांना तोटा कधीच नव्हता. मालगाडीच्या रुळांवर बसणारी पोरं, शाळा सोडलेली पोरं, सगळ्यांचे आईबाप येऊन हातापाया पडत. चर्चमधली निम्मी मंडळी येऊन गेली, ऑटीसुद्धा. पण नियम असा, की कोर्टाची चिठ्ठी असलेलीच मुलं घ्यायची. "पैसा पोरं बिघडू नयेत म्हणून, आणि दार उघडतं ती बिघडल्यावर," तो म्हणाला. "मी केला नाही हा नियम. जा, करणाऱ्यांना विचार."

त्याचा राग खरा वाटला. म्हणजे उरला ट्रॅव्हिस.

तिथून ती ऑटीकडे गेली. म्हातारी दारातच उभी होती. हातातली काठी नवी, दुकानाचं लेबल अजून तसंच. तिने कॉफी दिली, मक्याची भाकरी पुढे केली, आणि खाण्याआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायला व्हर्नालाही लावलं.

व्हर्नाने सरळच विचारलं. "पोर ट्रॅव्हिसला पाठीशी घालतंय का?"

"त्या मेल्याचं नाव माझ्या ओसरीवर घेऊ नकोस, पोरी."

"काच फुटली तेव्हा ट्रॅव्हिस तिथे होता?"

"रस्त्यापलीकडे ट्रक होता त्याचा."

"आणि कोल्बीला काच फोडताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

ऑटीने भाकरीचा आणखी एक तुकडा तिच्यापुढे सरकवला. "काच फुटली तेव्हा माझं लेकरू समोरच होतं. एवढं मी देवासमोर सांगेन."

पुढे विचारायला तिने जागाच ठेवली नाही. तो काय करतो, कुठे झोपतो, कसा वाळलाय, हेच सांगत राहिली.

न्यायाधीशांनी कबुलीजबाब वाचला आणि कोल्बीला सहा महिने हॉलिसच्या वर्गात धाडलं. दोन मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी पोचवायचं व्हर्नाकडे आलं. तिने गॅरेजसमोर गाडी थांबवली, पण दार उघडू दिलं नाही. आतून कानशीचा आवाज येत होता. कुणीतरी मोठ्याने हसलं. कोल्बीची मान तिकडे वळली.

"जावंसं वाटतंय?"

"हो."

"मग ऐक. तू फोडली नाहीस, हे मला कळतंय. मी उद्या न्यायाधीशांकडे जाणार. ज्याने फोडली तो तुरुंगात जाईल, तुझी चिठ्ठी रद्द होईल आणि तू पुन्हा त्या ट्रकमध्ये. ट्रॅव्हिसने धमकावलंय का तुला?"

"ट्रॅव्हिसला काय पडलंय? तो तर हसत होता."

"हसत होता? कशाला?"

   कोल्बीने बाहीने नाक पुसलं, गॅरेजच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मग अगदी हळू, चर्चमध्ये बोलावं तसं विचारलं,

"मिस व्हर्ना, म्हाताऱ्या बाईलासुद्धा तुरुंगात घालतात का हो?"