काळी काच

हिमायतनगरच्या चारुलताबाईंची सोन्याची चेन ओढून बाइकवाला पळाला होता. “मुँह बराबर देखी मैं,” असं त्यांनी इन्स्पेक्टरला ठणकावून सांगितलं, म्हणून चोराचं चित्र काढायला मला ठाण्यात बोलावलं. मी पेन्सिल उचलली, तशा बाई खुर्ची ओढून जवळ आल्या आणि मराठीत सुरू झाल्या. “तू आपल्यातलीच ना गं? मग ऐक. मेल्यानं काळ्या काचेचं हेल्मेट घातलेलं. दिसणार काय, कपाळ! तू आमच्या भाडेकरूचं तोंड काढ. हा बघ मोबाइलवर फोटो. कोर्टात गेलाय मेला, घर सोडत नाही.” “अहो, तो आत जाईल.” “जाऊ दे की! त्याशिवाय खोल्या रिकाम्या होणारेत?” “क्या बोल रै अम्मा?” इन्स्पेक्टरनं विचारलं. “नाक कैसा था, बता रही इसको,” बाई गोड हसल्या. माझं टाळकंच सरकलं. आपल्यातली म्हणे! मी बाईंचा मोबाइल समोर ठेवून घेतला, पण बघत राहिले बाईंकडेच. बाई तिकडे भाडेकरूचा उद्धार करत होत्या, इकडे माझा हात चालत होता. कागद मी सरळ इन्स्पेक्टरच्या हातात दिला. कागदावर हेल्मेट होतं आणि त्याच्या काळ्या काचेत, समोर उभ्या माणसाचं पडतं तसं, एक प्रतिबिंब होतं: जाड भिवया, हनुवटीवर तीळ. इन्स्पेक्टरनं कागद पाहिला, मग बाईंकडे पाहिलं. “ये तो आपीच है, अम्मा!” “हाव साब,” मी म्हटलं, “उस हेल्मेट में इनको इतनाच दिखा.”