एका हाताची वेणी

घरी मदतनीस द्यायची की नाही, हे ठरवायला तपासनीस बाई आल्या होत्या.

"अंघोळ?"

"नळापाशी बसवलं की स्वतःची स्वतः करते!" लेकीचं कौतुक सांगताना आईला आभाळ ठेंगणं झालं होतं. बाई 'मदत नको'च्या रकान्यात खुणा करत होत्या.

"एका हाताने वेणीसुद्धा घालते. दाखव गं!"

व्हीलचेअरवरच्या लेकीच्या हातून पेड सुटले. "नाही जमत. सगळं आईच करते."

आईचं तोंड एवढंसं झालं. बाई गेल्यावर ती म्हणाली, "वर्षभर शिकलीस, आणि आज माझं नाक कापलंस?"

लेक एका हाताने सरसर वेणी घालत होती.

"आणि नळापाशी बसवतं कोण, ते सांगितलंस? बाई येणार म्हणून तुझ्या दुखऱ्या कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवलास!"