परवा

जहाजावरचा आचारी आठ महिन्यांनी घरी आला होता. चांगली महिनाभराची सुट्टी होती, पण आज सकाळीच कंपनीचा फोन आला, ‘परवा निघा.’ लेकीला सांगायला त्याची जीभ रेटेना. पडद्यावर कार्टूनमधली पोरं कालयंत्रात बसून भुर्रकन उडाली, तोवर हा तिसऱ्यांदा उठून पाणी पिऊन आला.

“सांगून टाका एकदाचं,” बायको पुटपुटली.

तेवढ्यात लेक त्याच्या मांडीवर सरकली. “बाबा, मला असं यंत्र मिळालं ना, तर मी परवाच्या दिवशी जाईन.”

त्याने चमकून बायकोकडे पाहिलं. हिला कुणी सांगितलं? “परवाच का गं?”

 

“परवा तुम्ही आलात ना. पुन्हा दार मीच उघडेन.”