हत्यारांचं सिंक

"हत्यारं धुवायला गॅरेजमध्ये सिंक हवं," असा सासऱ्यांनी हट्टच धरला, तेव्हाच सुनेने ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय. घरात हत्यारं म्हणजे एक पक्कड आणि एक गंजका पाना. त्यांच्यासाठी बादली बुडेल एवढं खोल सिंक, वर गरम पाण्याचा नळ! प्लंबरसुद्धा गालातल्या गालात हसला.

सिंक बसल्यापासून सासरे रोज पहाटे गॅरेजात शिरायचे, दाराला आतून खुर्ची लावायचे आणि तासभर नळ वाहायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पक्कड धुतोय."

"एवढं धुऊन पक्कडीचा चिमटा झाला असेल," ती नवऱ्याला म्हणाली. "या वयात काय थेरं चालली आहेत, बघतेच मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गॅरेजच्या मागच्या खिडकीशी गेली. आत सासरे वाकून, रात्री अंथरुणात ओली झालेली आपली चादर आणि पायजमा साबणाने चोळत होते.

ती पावलं न वाजवता परतली. चहा घेताना नवऱ्याने विचारलं, "मग? काय करतात बाबा आत?"



"हत्यारं धुतात," ती म्हणाली. "आणि त्या दाराला आतून एक कडी बसवून द्या."